पाण्यातले वजन

गेल्या वर्षी बी. ए. द्वितीय वर्षाच्या आत्मपर लेखनाच्या वह्या तपासत असताना एका वहीत एक वाक्य वाचनात आले : ‘मी हलकी झाले आणि पाण्यात जड झाले.’ साठ-सत्तर वह्यांचा गठ्ठा, गुण भरून देण्याची मुदत उद्यावर आलेली. त्या वाक्याखाली लाल शाईने रेघ ओढून समासात ‘विरोधाभास चांगला साधला आहे’ असा शेरा मी लिहिला आणि पान उलटले. एखादा गुण अधिक दिला असेल, एवढेच.

चार दिवसांनी वही हातात घेऊन ती विद्यार्थिनी विभागाच्या दारात उभी राहिली. गुणांविषयी तक्रार असेल असे वाटले. ‘‘मॅडम, ते विरोधाभास वगैरे नाही,’’ ती म्हणाली, ‘‘खरंच तसं होतंय. पाय खाली जायला लागलेत माझे.’’

वाङ्मयाच्या अध्यापनात आयुष्य गेलेल्या माणसाला एक खोड जडते. समोरचा साधी बातमी देत असला तरी आपण तिच्यात अलंकार हुडकतो. ती मुलगी आपल्या शरीराचे वृत्त कळवीत होती आणि मी तिच्या शैलीला दाद देत होते. प्रस्तुत लेख हा त्या चुकीच्या वाचनाची भरपाई आहे असे कोणी म्हटले तर मला ते नाकारता येणार नाही.

हकिकत अशी. ती आमच्या महाविद्यालयाच्या जलतरण संघात होती. १०० मीटर फ्रीस्टाइल हा तिचा प्रकार. गाव कृष्णाकाठचे, त्यामुळे पोहणे घाटावर शिकलेले. दोऱ्यांनी आखलेला निळा तलाव तिने अकरावीत प्रथम पाहिला. हंगामाच्या आरंभी तिची वेळ १ मिनिट १३ सेकंद होती. विद्यापीठाच्या स्पर्धेपर्यंत आणखी तीन-चार सेकंद कमी करायचे तर आधी वजन उतरवले पाहिजे, असे मार्गदर्शकांनी सांगितले. दर सोमवारी सगळ्या संघासमोर काट्यावर उभे राहायचे आणि आकडा वहीत नोंदला जायचा, असा परिपाठ सुरू झाला. भात बंद झाला, मग रात्रीचे जेवण बंद झाले. साडेतीन महिन्यांत ५४ किलोंचे ४८ झाले. वेळ मात्र १ मिनिट १६ सेकंदांवर गेली. यावर मार्गदर्शकांचे निदान असे, की अजून दोन किलो शिल्लक आहेत. हे सर्व तिने व्हरांड्यात उभ्या उभ्या सांगितले आणि शेवटी, आवाज खाली घेऊन, पाळी चार महिन्यांपासून बंद आहे, हेही सांगितले. आईला सांगितले नव्हते. आई म्हणेल, पोहणेच बंद कर.

मार्गदर्शक दुष्ट गृहस्थ नाहीत. पहाटे साडेपाचला तलावावर हजर असणारा, मुलींना घरी सोडल्याशिवाय स्वतः घरी न जाणारा माणूस. त्यांचे म्हणणेही वरकरणी बिनतोड आहे. ओझे कमी झाले की चाल वाढते, हे कोणाला पटणार नाही? डोक्यावरचा भारा उतरवला की बाई झपझप चालू लागते. घाट चढणाऱ्या सायकलस्वाराचे दोन किलो कमी झाले तर त्याला ते प्रत्येक वळणावर जाणवते, कारण प्रत्येक फेऱ्यागणिक त्याला स्वतःचे वजन वर उचलावे लागते. उंच उडी, लांब पल्ल्याचे धावणे, मल्लखांब या सर्व ठिकाणी शरीर स्वतःचेच ओझे वाहत असते. शिवाय सांगली-कोल्हापूरकडच्या कोणत्याही क्रीडाशिक्षकाच्या मनाची जडणघडण तालमीत होते आणि तालमीत वजन हा खेळाचा नियमच आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसला विनेश फोगाट ५० किलो गटाच्या अंतिम फेरीपूर्वी अवघ्या १०० ग्रॅमने अपात्र ठरली, ते साऱ्या देशाने पाहिले. जलतरणात वजनगट नाहीत. तरीही तालमीतला काटा उचलून तलावाच्या काठावर आणून ठेवण्यात कोणालाच काही वावगे वाटले नाही. मलाही वाटले नव्हते. मी तो काटा कितीदा तरी पाहिला होता.

माझे म्हणणे असे, की ‘वजन उतरव, वेग वाढेल’ हे वाक्य जमिनीवर रचलेले आहे आणि पाण्यात त्याचा अर्थ बदलतो. काही वेळा तो उलटाही होतो. संदर्भ बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो, हे आपण वर्गात तासन्‌तास शिकवतो. आकड्यांनाही संदर्भ असतो, हे मात्र आपण विज्ञानशाखेवर सोपवून मोकळे होतो.

वास्तविक मला हे कळायला पुस्तकाची गरज नव्हती. आजोळच्या विहिरीत मामाने मला पोहायला शिकवले तेव्हा माझ्या पाठीला तोंड झाळून बंद केलेला गोडेतेलाचा रिकामा डबा बांधला होता. माझ्या आधीच्या पिढीने वाळलेला भोपळा किंवा पांगाऱ्याचा बिंडा बांधला असेल. विहिरीच्या पायऱ्या उतरताना तो डबा पाठीला काचत होता, ओझे होऊन मागे खेचत होता. काट्यावर उभे केले असते तर मी डब्याच्या वजनाइतकी जड भरले असते. पाण्यात पडताच त्याच डब्याने मला वर उचलून धरले. जमिनीवर वजन वाढवून पाण्यात हलके करण्याची ही युक्ती महाराष्ट्रातल्या कितीतरी खेड्यांतल्या मुलांनी अनुभवलेली आहे. ती अनुभवून मोठी झालेली माणसेच काठावर काटा ठेवतात, याचे नवल वाटते.

आमच्याकडच्या पदार्थविज्ञानाच्या एका सहकाऱ्यांनी ही गोष्ट पर्यवेक्षणाच्या दोन तासांत, एका कोऱ्या पुरवणीच्या पाठीवर, मला आकड्यांत मांडून दाखवली. (पुरवणी वाया घालवल्याबद्दल परीक्षा विभाग क्षमा करो.) पाण्यात बुडालेली वस्तू जेवढे पाणी बाजूला सारते तेवढ्या पाण्याच्या वजनाइतके बल तिला वर ढकलते, हा आर्किमिडीजचा नियम शाळेत सर्वांनी घोकलेला असतो. आता एक घनसेंटिमीटर गोड्या पाण्याचे वजन एक ग्रॅम धरा. शरीरातली चरबी तेवढ्याच जागेत सुमारे ०.९ ग्रॅम भरते, स्नायू सुमारे १.०६ ग्रॅम, आणि हाडे त्याहून बरीच अधिक. म्हणजे चरबी हा आपल्या अंगातच बांधलेला डबा आहे.

समजा, सहा किलो निव्वळ चरबी उतरली. जमिनीवर माणूस सहा किलोंनी हलका झाला. पण त्या सहा किलो चरबीने सुमारे ६.६७ लिटर जागा व्यापली होती, तेवढे पाणी आता बाजूला सारले जाणार नाही, आणि वर ढकलणारे बल ६.६७ किलोंच्या वजनाइतके घटले. वजाबाकी केली की उत्तर येते : माणूस पाण्यात सुमारे ६७० ग्रॅमने जड झाला. छाती भरून श्वास घेतलेल्या माणसाचे पाण्यातले वजन शून्याच्या आसपास असते, श्वास सोडला की तो थोडा खाली जातो. इतक्या नाजूक तोलात ६७० ग्रॅम म्हणजे काही किरकोळ बाब नव्हे.

आता उलट बाजू. उतरलेल्या सहा किलोंत चरबी थोडी आणि स्नायू बरेच असतील, तर पाण्यातल्या जडपणात फारसा फरक पडणार नाही. मात्र पाणी मागे सारणारे यंत्रच लहान झाले. उपाशी राहून भराभर उतरवलेल्या वजनात स्नायूंचा वाटा असतोच. तेव्हा त्या मुलीचे वाक्य दोन्ही वाचनांत खरे ठरते, आणि एकाही वाचनात तो अलंकार नाही.

‘पाय खाली जायला लागलेत’ हा तपशील मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तो मार्गदर्शकांच्या वहीत कुठेच नव्हता. शरीराचे वजन ज्या बिंदूभोवती तोललेले असते तो कमरेच्या आसपास येतो; पाणी ज्या बिंदूपाशी वर ढकलते तो, फुप्फुसांतल्या हवेमुळे, थोडा छातीकडे सरकलेला असतो. त्यामुळे स्थिर पडून राहिले की छाती वर आणि पाय खाली अशी शरीराची तिरपी होण्याची प्रवृत्ती असते. बहुतेक बायकांच्या मांड्या-नितंबांवर जी चरबी असते ती नेमकी याच ठिकाणी डब्याचे काम करते. त्याच वेगाने तेवढेच अंतर पोहायला स्त्रियांना पुरुषांहून कमी ऊर्जा लागते, असे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मोजण्यांत दिसून आले, आणि त्याचे एक कारण हे सांगितले जाते की त्यांचे पाय कमी बुडतात. आणि मांड्या कमी कर, हीच आज्ञा मुलींना सर्वांत आधी दिली जाते. पाय एक वीत खाली गेले की समोरच्या पाण्याला भिडणारे शरीर आडव्या फळीचे न राहता तिरप्या फळीचे होते. मग वाचवलेल्या किलोंचा हिशेब कोणी करायचा?

अर्थात दुसऱ्या बाजूचे न्याय्य म्हणणे टाळून चालणार नाही. पाण्याचा रोध पोहणाऱ्याच्या समोरून दिसणाऱ्या क्षेत्राबरोबर वाढतो, हे खरे आहे. आणि अंग आटले की ते क्षेत्र कमी होते, हेही खरे आहे. पण येथे पाणी एक कठोर व्याज लावते. रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि तो वेग टिकवायला लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. म्हणून समोरचे क्षेत्र १० टक्क्यांनी घटवले आणि बाकी सर्व जसेच्या तसे राहिले, तर वेग वाढतो तो साडेतीन टक्क्यांच्या आसपास. ७३ सेकंदांत अडीच सेकंदांची कमाई. स्पर्धेत हे थोडे नव्हे. मार्गदर्शकांचा हिशेब कागदावर चुकीचा नव्हता. चूक होती ती ‘बाकी सर्व जसेच्या तसे राहिले तर’ या वाक्यखंडात. कारण स्नायूंची शक्ती १० टक्क्यांनी घटली की तोच घन उलट दिशेने काम करतो आणि तेच अडीच सेकंद परत घेतो. त्यात पाय खाली गेले तर आणखी काही.

शिवाय रोध केवळ जाडीवर ठरत नाही. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका डच अभ्यासात वाढत्या वयाच्या मुलांचा पाण्यातला रोध अडीच वर्षांच्या अंतराने, एकाच वेगाला, पुन्हा मोजला होता. मधल्या काळात मुलांचे वजन एक तृतीयांशाहून अधिक वाढले होते आणि समोरून दिसणारे क्षेत्र सुमारे १६ टक्क्यांनी. रोध जवळजवळ पूर्वीइतकाच राहिला होता. मुले जाड झाली होती तशी लांबही झाली होती, आणि पृष्ठभागावरून जाणाऱ्या शरीराला (होडीलाही) लांबी वाढली की लाटा उठवण्यात कमी शक्ती दवडावी लागते. लांबी, ताठपणा, खांद्यांची फिरत, मानेची जागा, पाणी पकडणारा तळवा आणि कोपर यांतले काही म्हणजे काहीही काट्यावर दिसत नाही.

जेथे वजनाला अर्थ आहे अशा जागा जलतरणातही आहेत, त्या सांगितल्या पाहिजेत. आरंभीच्या ठोकळ्यावरून सूर मारताना माणूस अजून जमिनीचाच असतो. भिंतीला पाय लावून परत फिरताना हलके शरीर लवकर वेग घेते. बटरफ्लाय आणि ब्रेस्टस्ट्रोकमध्ये खांदे पाण्याबाहेर उचलावे लागतात, आणि पाण्याबाहेर आलेल्या भागाला पाणी आधार देत नाही. ज्यांच्या अंगावर खरोखरच फार चरबी आहे त्यांना ती कमी झाल्याचा फायदा होतो, हेही मान्य. मी स्वतः वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी कंबरदुखीमुळे पुन्हा पाण्यात उतरले आणि दोन वर्षांत नऊ किलो उतरवले, तेव्हा मला दम कमी लागू लागला. पण वेगाची गोष्ट निराळी. तो वाढला तो पहिल्या चार महिन्यांत, जेव्हा काटा जागचा हलला नव्हता आणि तलावावरच्या एका आठवीतल्या मुलाने मला ‘काकू, मान वर काढू नका, खाली बघा’ असे बजावले होते. नऊ किलोंनी मला जे दिले नाही ते त्या चार शब्दांनी दिले. असो. प्रौढ माणसाने डॉक्टरांच्या सल्ल्याने, पोटभर जेवून, सावकाश वजन उतरवणे आणि अठरा-एकोणीस वर्षांच्या, मुळात सडपातळ मुलीने सेकंदांसाठी उपाशी राहणे यांना आपण ‘वजन कमी करणे’ हा एकच शब्द वापरतो, ही भाषेची गरिबी म्हणावी लागेल.

वजनाने नव्हे तर आकाराने वेग ठरतो याचा जगासमोर झालेला सर्वांत मोठा प्रयोग म्हणजे २००८ आणि २००९ सालचे पोहण्याचे पोशाख. बीजिंग ऑलिंपिकच्या आधी स्पीडो कंपनीने एल. झेड. आर. रेसर नावाचा पोशाख आणला. त्याच्या कापडाची चाचणी नासाच्या वातबोगद्यात झाली होती. तो अंगात चढवायलाच बराच वेळ लागे, इतका घट्ट. पोटाचा, मांड्यांचा, छातीचा मऊ भाग तो आवळून धरी आणि शरीराची एक नितळ नळी करी. पाठोपाठ दुसऱ्या कंपन्यांनी पूर्ण पॉलियुरेथेनचे पोशाख काढले, ज्यांत हवा अडकून अंग वर उचलले जाई, म्हणजे पुन्हा आमच्या मामाचा डबा! २००९ साली रोमच्या जागतिक स्पर्धेत ४३ विश्वविक्रम मोडले गेले. जर्मनीच्या पाउल बिडरमानने तेथे २०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये मायकेल फेल्प्सला मागे टाकले, आणि ४०० मीटरमध्ये ३ मिनिटे ४०.०७ सेकंद असा विक्रम केला, जो मोडायला २०२५ चा एप्रिल उजाडावा लागला. १ जानेवारी २०१० पासून हे पोशाख बंद झाले. त्या दोन वर्षांत विक्रम करणाऱ्यांची शरीरे काही एकाएकी झडली नव्हती. होते ते वजन तसेच ठेवून, वर पोशाखाचे थोडे घालून, ते जोरात गेले. बदलला होता तो पाण्याला भिडणारा आकार आणि शरीराचे पाण्यावरचे तरंगणे.

तलावातून समुद्रात गेले की चित्र आणखी पालटते. इंग्लिश खाडी पोहणाऱ्यांना उन्हाळ्याच्या अखेरीसही १५ ते १८ अंशांच्या पाण्यात तासन्‌तास राहावे लागते, आणि परंपरेच्या नियमानुसार साध्या पोशाखातच. तेथे अंगावरची चरबी ही शिदोरीही असते आणि घोंगडीही. त्यामुळे खाडीच्या तयारीत मुद्दाम वजन वाढवणारे पोहणारे पुष्कळ. १९२६ साली गर्ट्रूड एडर्लीने ही खाडी सुमारे साडेचौदा तासांत पार केली, ती पुरुषांच्या तोवरच्या सर्वोत्तम वेळेहून जवळजवळ दोन तासांनी कमी. कलकत्त्याच्या आरती साहाने १९५९ च्या ऑगस्टमध्ये केलेला पहिला प्रयत्न फसला. २९ सप्टेंबरला, वयाची १९ वर्षे नुकतीच पुरी झालेली असताना, ती १६ तास २० मिनिटांनी इंग्लंडच्या किनाऱ्याला लागली आणि खाडी पार करणारी पहिली आशियाई स्त्री ठरली. माझ्या विद्यार्थिनीचे आणि तिचे वय तेव्हा जवळजवळ सारखे होते, हे लिहिताना हात थबकतो. (समुद्राचे पाणी खारट, म्हणून किंचित अधिक घन, ५० लिटरच्या शरीराला ते गोड्या पाण्यापेक्षा सव्वा किलो अधिक उचलून धरते. कृष्णेतून येणाऱ्या मुलीला ही सवलत कुठली?)

पाळी बंद होण्याची जी गोष्ट तिने आवाज खाली घेऊन सांगितली, तिच्याकडे आता यावे लागेल. आमच्याकडे हा विषय ‘बायकांचा’ म्हणून वेगळा काढला जातो आणि वेगाचा विषय ‘खेळाचा’ म्हणून वेगळा. पाण्यात ते एकच आहेत. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात १५ ते १७ वर्षे वयाच्या दहा कुमारी जलतरणपटूंना १२ आठवडे पाहिले होते. साऱ्या जणी वरच्या दर्जाच्या, साऱ्या कसून सराव करणाऱ्या. ज्यांचे पाळीचे चक्र नियमित होते त्यांचा ४०० मीटरमधला वेग हंगामाअखेर ८.२ टक्क्यांनी वाढला. ज्यांच्या अंडाशयाचे कार्य अपुऱ्या आहारामुळे मंदावलेले होते त्यांचा वेग, तेवढाच घाम गाळूनही, ९.८ टक्क्यांनी घटला. दहाच मुली, म्हणून यावरून जगाचा कायदा काढू नये, हे मीही जाणते. पण यात जे दिसले ते शरीरशास्त्राशी सुसंगत आहे : खाल्लेल्या अन्नातून सरावाचा खर्च वजा जाता जे उरते त्यात शरीराचा संसार भागत नसेल, तर शरीर एकेक खोली बंद करत जाते. आधी पाळी, मग हाडांची भर, मग सरावानंतरची दुरुस्ती. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने या अवस्थेला स्वतंत्र नाव दिले आणि ती मुलांनाही होते, हे स्पष्ट केले.

हे काही आपल्याकडेच घडते असे नाही. डारा टॉरेस या अमेरिकी जलतरणपटूने २००८ साली वयाच्या ४१ व्या वर्षी ऑलिंपिकमध्ये तीन रौप्यपदके मिळवली. महाविद्यालयीन काळात वजनाच्या धास्तीने आपल्याला बुलिमियाने ग्रासले होते, खाऊन उलटी करण्याच्या चक्रात आपण वर्षानुवर्षे अडकलो होतो, हे तिनेच पुढे जाहीरपणे सांगितले आहे. ऑस्ट्रेलियात मुलींच्या आणि स्त्रियांच्या अनुभवांची चौकशी करणाऱ्या स्वतंत्र समितीच्या अहवालात, २०२२ साली, मुलींच्या शरीरांवर मारले जाणारे शेरे आणि कातडीची जाडी मोजण्याची प्रथा हे विषय आले. जलतरणात एवढ्या पुढे गेलेल्या देशालाही हे उशिरा दिसले.

आणि येथे मराठीच्या अध्यापकाने आपल्या घरात पाहिले पाहिजे. आपल्या भाषेत ‘वजन’ हा मोठा मानाचा शब्द. शब्दाला वजन असते, घराण्याला असते, सभेत वजनदार माणसाला पुढची खुर्ची मिळते. अडलेल्या कागदावरसुद्धा वजन ठेवावे लागते. उलट ‘हलके’ म्हटले की बहुधा कमीपणाच : हलक्या कानाचा, हलक्या दर्जाचा, हलके काम. पण हा सारा मान पुरुषी वापरातला. पुरुषाच्या शब्दाला वजन असते. बाईचे वजन ‘वाढते’. आमच्या शिक्षककक्षात दिवाळीच्या सुट्टीनंतर बायका एकमेकींना पहिला प्रश्न कोणता विचारतात ते मी वेगळे सांगायला नको. मीही विचारला आहे. त्या मुलीला मी मधल्या काळात जिन्यात भेटले तेव्हा ‘छान बारीक झालीस गं’ असे म्हटले होते. तिने ते लक्षात ठेवले होते. वहीत त्याच पानावर, माझ्या लाल रेघेच्या चार ओळी वर, ‘सगळे छान म्हणतात’ असे वाक्य होते. ‘सगळे’ मध्ये मी आहे हे मला वाचताना सुचले नव्हते.

‘तरणे’ हे आपले क्रियापद पाण्यावर राहण्यालाही वापरतात आणि जगण्या-वाचण्यालाही. तारणारा, तारू, तरून जाणे या शब्दांवर मी वर्गात एक संपूर्ण तास घेते, आणि तो मुलांना आवडतो. त्या तासात आजवर मी पाण्याचा एक थेंबही आणला नव्हता.

पुढचे सांगते. तिच्या आईशी मी बोलले. आई रागावली, पण पोहण्यावर नव्हे. तालुक्याच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे दोघी गेल्या. भात परत सुरू झाला. पाळी पूर्ववत व्हायला सात महिने लागले. या वर्षी ती संघात नाही; स्वतःहून नाव दिले नाही. सकाळी सर्वसाधारण वेळेत पाण्यात असते. कधी कधी मी बाजूच्या मार्गिकेत असते आणि ती मला सहज मागे टाकून जाते. तिची वेळ आता काय आहे, हे मी विचारत नाही. मार्गदर्शकांना मी आकडेमोडीची पुरवणी दाखवली. त्यांनी ती शांतपणे वाचली, ‘‘मॅडम, तुमचं बरोबर असेल, पण विद्यापीठाला कोण उत्तर देणार?’’ असे विचारले, आणि पुरवणी घडी घालून खिशात ठेवली.

जिमखाना समितीकडे मी लेखी सूचना दिली : संघातील मुलामुलींची वजने सर्वांसमोर घेऊ नयेत, नोंदवहीत वजनाच्या रकान्याऐवजी वेळ, हातांची संख्या आणि भिंतीपासून पहिला हात मारेपर्यंतचे अंतर असे रकाने असावेत, मुलींसाठी डॉक्टर बाईंची वर्षातून दोनदा तपासणी व्हावी. सभेत सूचना वाचली गेली. एका ज्येष्ठ सदस्यांनी हा विषय महिला तक्रार निवारण समितीचा नव्हे का, असे विचारले. दुसऱ्यांनी काटा नुकताच, दोन वर्षांपूर्वी, खरेदी केला आहे याकडे लक्ष वेधले. सूचना पुढील सभेपर्यंत तहकूब ठेवण्यात आली. काटा तलावाच्या काठावर, कपडे बदलण्याच्या खोलीशेजारी, अजून आहे. ओल्या पायांनी त्यावर उभे राहू नये, अशी पाटी मात्र आता लावली आहे.